मुंबई–पुणे १९२ किलोमीटरला तीन तास: वेळ नेमका कुठं जातो?

पासधारक_पुणे विचारतात:

सीएसएमटी ते पुणे १९२ किलोमीटर. डेक्कन क्वीन आजही सव्वातीन तासांच्या आसपास घेते, सोलापूरची वंदे भारतसुद्धा पुण्यापर्यंत तीन तासांच्या घरातच असते. आमच्या प्रवासी संघाला रेल्वेच्या सल्लागार समितीपुढे निवेदन द्यायचं आहे. बहुतेकांचं म्हणणं, कमाल वेग ११० वरून १३० करा एवढी एकच मागणी लावून धरायची. त्यानं खरंच किती फरक पडेल? आणि कर्जतला मागून बँकर (घाट चढताना ढकलणारं जादा इंजिन) लावण्याचा खटाटोप टाळता येतो का? जाणकारांनी आकड्यांसकट सांगावं.

---

घाटमार्ग यांचं उत्तर:

आधी १३० चं गणित मांडू. लोणावळा ते पुणे ६४ किलोमीटर. अख्खा पट्टा ११० नं धावला तर ३५ मिनिटं, १३० नं धावला तर साडेएकोणतीस. कागदावरच साडेपाच मिनिटांचा फायदा. वेग घेणं, वेग कमी करणं, शिवाजीनगरचा थांबा हे सगळं धरलं तर हातात दोन-तीन मिनिटं उरतात. आता कर्जत–लोणावळा बघा, २८ किलोमीटर. सरासरी ३५ नं चढलं तर ४८ मिनिटं, ५० नं चढलं तर ३४. चौदा मिनिटं इथं पडून आहेत. त्यामुळे निवेदनाची सुरुवात घाटापासून करा.

बँकर का लागतो, तेही गणितानंच कळतं. घाटाचा चढ १:३७, म्हणजे ३७ मीटरला एक मीटर चढ. एलएचबीचे (नव्या बनावटीचे) २० डबे, माणसांसकट डबा ५० टन धरा, झाले १००० टन. वर डब्ल्यूएपी-७ इंजिनाचे १२३. या ११२३ टनांना ३७ नं भागलं की नुसतं वजन वर चढवायला ३० टनांचा जोर लागतो. चाकांचा आणि वळणांचा विरोध आणखी चारेक टन. डब्ल्यूएपी-७ सुरुवातीला सुमारे ३३ टनांचा जोर देतं, तेही कोरड्या रुळावर. जुलैत रूळ ओले असले की चाकं जागच्या जागी फिरायला लागतात, वाळू सोडावी लागते, आणि सिग्नलला गाडी चढावर उभी राहिली तर एकट्या इंजिनाला ती हलवता येईलच असं नाही. जोर मागूनच देण्याचं कारण सुरक्षिततेचं: मध्येच कपलिंग तुटलं तर मागचे डबे उताराला लागू नयेत.

जोडणीची वेळ तर जातेच. बँकर मागून येऊन अलगद टेकतो, कपलर बसला का बघतात, ब्रेकच्या हवेचा दाब तपासतात, मग पुढचा आणि मागचा लोको पायलट वॉकीटॉकीवर बोलून एकदम जोर लावतात. पण खरी अडचण पुढे आहे. बँकर वर पोचवून मोकळा परत खाली यावा लागतो. तो वेळेत आला नाही की पुढची गाडी कर्जतला ताटकळते. शिवाय खाली येणारं मोकळं इंजिन घाटातली एका गाडीची जागा अडवतं, हा तोटा वेळापत्रकात दिसत नाही.

वंदे भारतला बँकर लागत नाही, कारण १६ डब्यांच्या गाडीत निम्म्या आसांवर (चाकांच्या जोड्यांवर) मोटर आहेत. जोर एका इंजिनाच्या सहा आसांऐवजी ३२ आसांवर वाटला जातो, चाकं घसरत नाहीत.

आपल्या इंटरसिटी गाड्यांसाठी सर्वांत लवकर होण्यासारखा उपाय म्हणजे दोन्ही टोकांना इंजिन, पुश-पुल. हा प्रयोग नवा नाही. सीएसएमटी–हजरत निजामुद्दीन राजधानी २०१९ मध्ये सुरू झाली; कसारा घाटाचा चढही १:३७ च, आणि तिथला बँकर टाळण्यासाठी तिला पुश-पुल केलं. अमृत भारत गाड्यांमध्ये तर दोन्ही टोकांच्या इंजिनांना जोडणारी नियंत्रणाची केबल डब्यांमधूनच नेलेली आहे, पुढचा लोको पायलट दोन्ही चालवतो. ही केबल महत्त्वाची. मागच्यानं जोर लावला आणि पुढच्यानं उशीर केला तर मधले डबे दाबले जातात, आणि तीव्र वळणावर दाबलेला डबा रुळावरून उतरू शकतो. म्हणून नुसतं ‘मागे इंजिन जोडा’ असं न लिहिता ‘एकत्रित नियंत्रणासह’ असं लिहा.

फलाटाचं भान ठेवा. १८ एलएचबी डबे ४३२ मीटर, दोन इंजिनांचे ४१, एकूण ४७३ मीटर. लांबी बसत नसेल तर डबा कापला जाईल, आणि पासधारकांच्या गाडीत डबा कापणं मला अजिबात पटणार नाही.

---

यार्डातून यांचं उत्तर:

वरचं सगळं बरोबर, फक्त घाटात वाचवलेली मिनिटं टिकणार कशी, तेही बघायला हवं. लोणावळा–पुणे दोनच मार्गिका, आणि त्यावरच लोकल. एक्स्प्रेस लोणावळ्याला पाच मिनिटं उशिरा आली आणि तेवढ्यात लोकल पुढे सोडली, तर कामशेत, वडगाव करत ती लोकल तळेगावला बाजूला घेईपर्यंत एक्स्प्रेस तिच्या मागे रांगते. पाचाची पंधरा मिनिटं होतात. उलट दिशेनं हेच कर्जत–कल्याणमध्ये घडतं. ठाणे–दिवा पाचवी-सहावी मार्गिका २०२२ मध्ये झाल्यानं तेवढा पट्टा सुटला, पण कुर्ल्याच्या पुढे सीएसएमटीपर्यंत लोकल आणि लांबच्या गाड्या अजून एकमेकींच्या वाटेत आहेत.

पुणे स्टेशनला सहा फलाट. एखादी गाडी फलाटावर ठरल्यापेक्षा जास्त वेळ राहिली की मागची थेट खडकी-शिवाजीनगरपर्यंत अडकते. म्हणून शेवटच्या टप्प्यात वेळापत्रकात मुद्दाम मोकळी मिनिटं भरलेली असतात. नवी मार्गिका न टाकताही ती कमी करता येतात, पण त्यासाठी इथंच सुटणाऱ्या-संपणाऱ्या काही गाड्या हडपसरला न्याव्या लागतील. हडपसरहून शहरात यायची सोय मात्र आधी हवी, नाहीतर रेल्वेनं वाचवलेला वेळ रिक्षात जाईल.

---

पासधारक_पुणे:

दोघांचेही आभार. उतरताना बँकर नसतो, मग तिथं वेळ का लागतो? आणि घाटाला बोगद्याचा पर्याय मागावा का?

---

घाटमार्ग:

उतरताना प्रश्न ब्रेकचा. हजार टन साडेपाचशे मीटर खाली आणायचे, ती सगळी ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन बसते. घाटात ठरावीक ठिकाणी कॅच सायडिंग आहेत: गाडी ताब्यात असल्याची खात्री पटेपर्यंत सांधा (गाडीचा रूळ बदलणारी जागा) चढाच्या बाजूच्या मार्गाकडे ठेवलेला असतो. ब्रेक निकामी झालेली गाडी तिकडे जाऊन थांबावी, ही योजना. कॅच सायडिंगपाशी होणारे हे थांबे काढा अशी मागणी करू नका, ते जीव वाचवतात. पुश-पुलमध्ये दोन्ही इंजिनं मोटरनं ब्रेक लावतात, वीज परत तारेत जाते, डब्यांचे ब्रेक थंड राहतात. उताराची वेगमर्यादा तपासून वाढवायला तिथं वाव आहे.

बोगद्याबद्दल: चढ १:१०० ठेवायचा तर साडेपाचशे मीटरसाठी ५५ किलोमीटरचा मार्ग लागतो, १:६० ला ३३. आजचा २८ चा आहे. म्हणजे बँकरमुक्त नवा घाट हवा तर बराच भाग बोगद्यातून, वळसा घेत न्यावा लागेल. मागणी जरूर करा, पण वेगळ्या पत्रात, नाहीतर लगेच होण्यासारखं काम तिच्यामागे अडकेल.

या निवेदनात तीनच गोष्टी: इंटरसिटी गाड्यांना एकत्रित नियंत्रणाचं पुश-पुल, संध्याकाळच्या गाड्या लोणावळ्याला पोचायच्या वेळी त्यांच्यापुढे लोकल न सोडण्याचा नियम, आणि पावसाळ्याआधी घाटातल्या मंकी हिलच्या पट्ट्यातले सैल दगड काढून दरड अडवणाऱ्या जाळ्या पूर्ण करणं. तिसऱ्याला कमी लेखू नका. २०१९ च्या पावसात घाटातल्या मार्गिकेचं नुकसान झालं तेव्हा दुरुस्ती महिनोन्‌महिने चालली आणि गाड्या रद्द होत राहिल्या. सोबत गेल्या महिनाभरातल्या कर्जत आणि लोणावळ्याच्या येण्या-निघण्याच्या वेळा तारखेनिशी जोडा. किती मिनिटं बँकरनं खाल्ली आणि किती लोकलमागे गेली, हे त्यातूनच वेगळं काढता येतं.