फाउंड्रीत मन रमत नाही, म्हणजे क्षेत्रच चुकलं का?

वडगाव_गल्ली

धाकटा भाऊ, वय २३. एसएसएलसीनंतर (दहावीनंतर) मेकॅनिकल डिप्लोमा केला. सध्या बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत (धातू ओतायच्या कारखान्यात) मोल्डिंग लाइनवर, म्हणजे साचे बनवतात तिथं, ज्युनियर सुपरवायझर आहे. माणसांच्या मागं लागून टार्गेट पुरं करून घेणं त्याला अजिबात जमत नाही. शिफ्ट संपवून आला की कुणाशी बोलत नाही. पण रिजेक्ट झालेलं कास्टिंग (ओतून केलेला नग) हातात आलं की जेवण विसरतो, आणि दोष कुठून आला याचा त्याचा अंदाज बहुतेक वेळा बरोबर ठरतो.

घरचे म्हणतात एमबीए कर, मित्र म्हणतात कोडिंग शीक. पुण्यात कल-चाचणी करून घ्यायची तर काही हजार सांगतात. पैसे घालावेत का? सरकारी परीक्षांचाही विचार चाललाय. कन्नड बोलतो, अडखळत वाचतो, लिहिता येत नाही. जाणकारांनी नेमकं सांगावं.

कल_आणि_कौशल्य

चाचणीवर आत्ताच पैसे नका घालू. कल आणि क्षमता या दोन वेगळ्या गोष्टी. कलाची चाचणी काय आवडतं ते सांगते, काय जमतं ते सांगत नाही. आवडीपुरतं बघायचं तर अमेरिकेच्या श्रम खात्याची ओ-नेट इंटरेस्ट प्रोफायलर ही ६० प्रश्नांची चाचणी नेटवर फुकट आहे. इंग्रजीत आहे, पण डिप्लोमाच्या पोराला कळेल. तिचा पाया मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांची मांडणी. त्यात सहा कल धरतात: हातानं करायचं काम, शोध-तपास, कला, माणसांना मदत, माणसांना चालवणं-पटवणं, आणि नोंदी-शिस्तीचं काम. तुम्ही लिहिलंय त्यावरून भावाचा ओढा पहिल्या दोघांकडे दिसतो आणि सुपरवायझरची खुर्ची पाचव्याची आहे. म्हणजे कारखाना चुकलेला नाही, खुर्ची चुकली असावी.

खरी चाचणी वहीत करा. रोज शिफ्ट संपल्यावर चार रकाने भरायचे: कोणतं काम केलं, किती वेळ, त्यानंतर थकला की वेळ गेलेला कळलाच नाही, आणि ते काम करायला कुणी आपणहून बोलावलं का. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. आवड स्वतःला वाटते, जमतंय की नाही ते शेजारचा माणूस ओळखतो. वही दोन-तीन आठवडे चालवा आणि त्यात रात्रपाळीचा आठवडा आलाच पाहिजे. रात्रपाळीत सगळंच नकोसं वाटतं, म्हणून तिच्या नोंदी वेगळ्या वाचायच्या. उकाडा, साहेबाचा स्वभाव, पाळी या कारणांनी काम नकोसं होणं वेगळं, आणि कामच नकोसं होणं वेगळं. लोक पहिल्यासाठी क्षेत्र बदलतात आणि नव्या ठिकाणी तसाच साहेब भेटतो.

सँड_आणि_स्पेक्ट्रो

वरचं पटतं. आता फाउंड्रीच्या आत त्याला कुठं जागा आहे ते सांगतो. बाहेरच्यांना वाटतं क्वालिटी म्हणजे एकच खातं. तसं नसतं.

एक, फायनल इन्स्पेक्शन. फेटलिंग (ओतलेल्या नगाची घासून साफसफाई) झाल्यावर गेज, म्हणजे मापाचं साधन, लावायचा, पास किंवा नापास. काम शांत, पण शोधाची हौस असलेला माणूस इथं सहा महिन्यांत कंटाळतो. शिवाय डिस्पॅचची गाडी दारात उभी असताना लॉट सोडा म्हणून दबाव येतो. नाही म्हणायची छाती नसेल तर इथं हाल.

दोन, सँड लॅब आणि मेटल लॅब. सँडचा (साच्याच्या वाळूचा) ओलावा, कॉम्पॅक्टेबिलिटी (किती दाबली जाते), ग्रीन स्ट्रेंथ (ओल्या वाळूची ताकद), परमिएबिलिटी (वाळूतून वायू किती निघतो), आणि स्पेक्ट्रोवर, म्हणजे घटक मोजायच्या यंत्रावर, धातूची रचना. ग्रीन सँडचा (साच्याच्या ओल्या वाळूचा) ओलावा साधारण ३ ते ४ टक्क्यांत राखतात. तो वर गेला की ब्लोहोल (वायू अडकून पडलेली पोकळी), खाली गेला की साचा ढासळतो. नोंदी नेटक्या हव्यात.

तीन, रिजेक्शन अॅनालिसिस, म्हणजे नापास नगाचा दोष कुठून आला ते शोधणं. तुमच्या भावाची जागा हीच. ब्लोहोल आतून गुळगुळीत असतं, श्रिंकेज (धातू थिजताना आकसून पडलेली पोकळी) खडबडीत असतं आणि जाड भागात किंवा जोडाजवळ सापडतं. पहिल्याचं कारण ओलावा, व्हेंट (वायू निघायची वाट), परमिएबिलिटीत शोधायचं. दुसऱ्याचं रायझरमध्ये (आकसणाऱ्या नगाला जादा धातू पुरवणारा साठा) नाहीतर कार्बन इक्विव्हॅलंटमध्ये, म्हणजे लोखंडातल्या कार्बन-सिलिकॉन-फॉस्फरसच्या एकत्रित आकड्यात. त्याचा हिशोब कार्बन अधिक सिलिकॉन-फॉस्फरसच्या बेरजेचा तिसरा हिस्सा. कार्बन ३.४, सिलिकॉन २.१, फॉस्फरस ०.०६ असेल तर ३.४ + ०.७२ = ४.१२. एसजी आयर्नमध्ये (गोल ग्राफाइटच्या ओतीव लोखंडात) मॅग्नेशियम ट्रीटमेंटनंतर ओतायला उशीर झाला की परिणाम उतरतो आणि ग्राफाइट गोल राहत नाही. असा दोष नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, मायक्रोस्कोपखाली दिसतो. हे वाचताना त्याचे डोळे चमकले तर एमबीएची फी वाचली समजा.

राजीनामा न देता करून बघता येण्यासारखं एक काम आहे. क्वालिटी हेडला म्हणावं, एक गेज आर अँड आर (मापं किती भरवशाची येतात याची चाचणी) मी करून देतो. १० नग, ३ माणसं, प्रत्येकाची ३ मापं, म्हणजे ९० रीडिंग. नगांचे नंबर मापणाऱ्याला दिसू द्यायचे नाहीत आणि क्रम दर फेरीला बदलायचा, नाहीतर माणूस आधीचं माप आठवून तेच सांगतो. उत्तर १० टक्क्यांखाली आलं तर मापनपद्धत चांगली, ३० च्या वर गेलं तर नाकारायची, मधलं असेल तर कामाचं महत्त्व बघून ठरवायचं. हे किचकट काम कुणालाच नको असतं, त्यामुळे नाही म्हणणार नाहीत. फक्त महिनाअखेरीला विचारू नका, तेव्हा सगळे डिस्पॅचमध्ये बुडालेले असतात. ९० रीडिंग घेताना तो कंटाळला तर तेही उत्तरच आहे.

निपाणी_फाटा

सरकारी परीक्षांबद्दल थोडक्यात. कर्नाटक सरकारच्या भरतीत कन्नडचा अडसर खरा आहे. नुसतं बोलून भागत नाही, लिहावं लागतं. आजपासून बाराखडी गिरवली तरी वर्ष धरा.

महाराष्ट्राच्या भरतीत, महाराष्ट्रानं दावा सांगितलेल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषिकांना अर्ज करता येतो. त्यासाठी त्या गावात १५ वर्षं वास्तव्य असल्याचा विहित नमुन्यातला दाखला लागतो. आपलं गाव यादीत आहे का ते आधी बघा आणि दाखल्याचं काम जाहिरात निघायच्या आधीच उरका. शेवटच्या तारखेच्या आठवड्यात कचेरीत धावणारे दरवेळी दिसतात.

डिप्लोमावाल्याला रेल्वेची ज्युनियर इंजिनियर परीक्षा जास्त सोयीची. प्रश्नपत्रिका मराठीतही निवडता येते. पहिली फेरी १०० प्रश्न ९० मिनिटांत, दुसरी १५० प्रश्न १२० मिनिटांत, आणि चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापतात. पण एक बघा की, तिथंही गँग (कामगारांची टोळी) सांभाळावी लागते. माणसं चालवणं नको म्हणून रेल्वेत जायचं असेल तर पुन्हा विचार करा.

वडगाव_गल्ली

सगळ्यांचे आभार. रेल्वेतही माणसं सांभाळावी लागतात, हे लक्षातच आलं नव्हतं. वही आजपासून सुरू करायला सांगतो. समजा सध्याच्या ठिकाणी बदली मिळाली नाही, तर बाहेर शोधताना काय बघायचं? आणि एखादा कोर्स?

सँड_आणि_स्पेक्ट्रो

कोर्स एकच सुचवतो, एनडीटी (नग न तोडता दोष शोधायची तपासणी) लेव्हल टू. त्यातल्या पेनेट्रंट आणि मॅग्नेटिक पार्टिकल या पद्धती आधी, अल्ट्रासोनिक नंतर. फी भरायच्या आधी डोळे तपासून घ्या. जवळची नजर आणि रंगांतला फरक ओळखणं या दोन्हीत पास व्हावं लागतं, आणि हे बरेच जण पैसे भरल्यावर शोधतात. नुसत्या सर्टिफिकेटनं भाव येत नाही, त्या पद्धतीवर कामाचे तासही दाखवावे लागतात. मापनाची आवड निघाली तर सीएमएम (नगाची मापं घेणारं यंत्र). त्यासाठी ड्रॉइंगवरची जीडी अँड टी (आकार-मापात किती फरक चालतो ते सांगणारी) चिन्हं पक्की हवीत, नाहीतर मशीन चालवणारा नुसता बटण दाबणारा होतो.

शोध उद्यमबाग-मच्छेपुरता ठेवू नका. हत्तरगीच्या एरोस्पेस सेझमध्ये (विमानाच्या भागांच्या विशेष आर्थिक क्षेत्रात) मापन आणि तपासणीच्या कामाला मोठं वजन असतं. निपाणीकडच्यांना कागल आणि गोकुळ शिरगाव जवळ पडतं, तिथंही फाउंड्री आणि मशिनशॉप भरपूर.

कल_आणि_कौशल्य

मुलाखतीत त्यानंही प्रश्न विचारावेत. रिजेक्शनची बैठक रोज होते की महिन्याला? गिऱ्हाइकाची तक्रार आली की कारण शोधून उत्तर कोण लिहितं? स्पेक्ट्रो कुणाच्या ताब्यात आहे? आधीचा माणूस का गेला? पहिल्या दोन प्रश्नांना गोलमोल उत्तर आलं तर पाटीवर क्वालिटी लिहिलेलं असलं तरी काम गेज लावण्याचंच.

पगार विचारताना हातात किती ते विचारा. मूळ पगाराच्या १२ टक्के पीएफ कापला जातो. पगार महिना २१,००० पर्यंत असेल तर ईएसआयचे (कामगार आरोग्य विम्याचे) ०.७५ टक्के त्याचे, ३.२५ टक्के मालकाचे. काही ठिकाणी मालकाचा वाटाही पगाराच्या आकड्यात घालून सांगतात, मग पहिल्या महिन्याला तोंड उतरतं.

ओरिजिनल मार्क्स कार्ड कुणाच्याही ताब्यात देऊ नका, झेरॉक्स द्या आणि ओरिजिनल दाखवून परत घ्या. नोकरी लावतो म्हणून आगाऊ पैसे मागणाऱ्या एजंटाला तिथंच नमस्कार. आणि नवीन ऑफर लेटर हातात पडेपर्यंत जुन्या ठिकाणी राजीनाम्याचा शब्दही काढू नये.