क्वासारच्या वर्णपटात डावीकडे इतक्या खाचा कशामुळे?

प्रश्न:
एका व्याख्यानात ताम्रसृती ३ असलेल्या क्वासारचा, म्हणजे दूरच्या दीर्घिकेच्या अतितेजस्वी केंद्राचा, वर्णपट (तरंगलांबीनुसार प्रकाशाचा आलेख) पाहिला. ४८६ नॅनोमीटरजवळ एक उंच शिखर होते. त्याच्या उजवीकडे आलेख बराचसा सपाट, तर डावीकडे करवतीच्या दात्यांसारख्या शेकडो खाचा होत्या. मला तो उपकरणातला दोष वाटला, पण वक्त्यांनी त्या खाचा दीर्घिकांदरम्यानच्या वायूच्या असल्याचे सांगितले. त्या क्वासारच्याच नाहीत, हे कशावरून ठरवतात?

प्रतिसाद १:
ते शिखर क्वासारजवळच्या हायड्रोजनचे आहे. त्याची लायमन आल्फा रेषा मुळात १२१.६ नॅनोमीटरवर, म्हणजे अतिनील भागात असते आणि विश्वाच्या प्रसरणामुळे इथे चौपट ताणली जाऊन ४८६ वर दिसते. तरंगलांबी जितक्या पटीने ताणली जाते, त्यातून एक वजा केला की ताम्रसृती मिळते; म्हणून इथे ती ३. याहून कमी तरंगलांबीचा, म्हणजे आलेखात डावीकडचा, जो प्रकाश क्वासारपासून निघाला, तोही वाटेत ताणला जातो. ज्या जागी त्याची तरंगलांबी नेमकी १२१.६ झाली, तिथे हायड्रोजनचा मेघ असला, तर तो मेघ तेवढाच प्रकाश टिपून इतर दिशांना विखरून टाकतो आणि आपल्या वाट्याला खाच येते. ४२५.६ वरच्या खाचेला १२१.६ ने भागा: ३.५ येतात, म्हणजे मेघाची ताम्रसृती २.५. खाचेची जागा हाच मेघाचा पत्ता. शिखराच्या उजवीकडचा प्रकाश निघतानाच १२१.६ हून लांब तरंगांचा असल्याने या रेषेच्या खाचा तिकडे पडत नाहीत.

प्रतिसाद २:
क्वासारने स्वतः बाहेर फेकलेल्या वायूच्या रेषाही काही वर्णपटांत असतात, पण त्या बहुधा फार रुंद असतात. शिवाय आकाशात शेजारी दिसणारे दोन वेगळे क्वासार घेतले, तर अनेक खाचा दोघांतही जवळपास त्याच तरंगलांबीवर येतात. वाटेतला वायू सामाईक असल्याशिवाय हे घडणार नाही. या मेघांतून किती बारकावे निघतात, याचे मला फार आवडणारे उदाहरण पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेचे आहे. तिथल्या श्रीआनंद यांनी फ्रेंच सहकाऱ्यांसह २००० मध्ये, ताम्रसृती २.३४ वरच्या एका मेघातील कार्बनच्या रेषांवरून, त्या काळी विश्वाच्या पार्श्वभूमी प्रारणाचे (महास्फोटानंतर उरलेल्या, सर्वत्र पसरलेल्या प्रारणाचे) तापमान ६ ते १४ केल्विन होते, असे दाखवले. आज ते २.७ आहे आणि प्रसरणाच्या हिशेबाने तिथे ९.१ असायला हवे.

प्रश्नकर्ता:
पत्त्याचा मुद्दा नीट समजला. पण अवकाशभर हायड्रोजन असताना सगळाच प्रकाश का शोषला जात नाही?

प्रतिसाद ३:
गन आणि पीटरसन या खगोलशास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये नेमका हाच मुद्दा मांडला होता. त्याचे उत्तर असे, की हा वायू जवळजवळ पूर्ण आयनीभूत आहे. इलेक्ट्रॉन गमावलेला हायड्रोजन ही रेषा शोषू शकत नाही, आणि ताम्रसृती ३ च्या सुमारास इलेक्ट्रॉन टिकवून असलेला अणू लाखात एखादाच असतो. तेवढ्यानेही एवढ्या खाचा पडतात. मात्र २००१ मध्ये ताम्रसृती ६.२८ च्या क्वासारचा वर्णपट हवाईतील केक दुर्बिणीने घेतला, तेव्हा शिखराच्या डावीकडे एका मोठ्या पट्ट्यात प्रकाश जवळजवळ शून्यावर आला होता. इतक्या आधीच्या काळात इलेक्ट्रॉन टिकवून असलेले अणू जास्त असल्याने तिथे खाचा सुट्या दिसतच नाहीत.