व्हीएचएस कॅसेटी डिजिटल करताना चित्रात मुंग्या, सल्ला हवा

सड्यावरची:
रत्नागिरीच्या घरी माळा आवरताना सात व्हीएचएस कॅसेटी सापडल्या. आईबाबांचं लग्न (1991), माझं बारसं वगैरे. मामाने त्याचा जुना व्हीसीआर दिला. लग्नाची कॅसेट लावली, दहा मिनिटं छान चालली. सीमांतपूजन संपता संपता चित्रात मुंग्या यायला लागल्या आणि मंगलाष्टकांपर्यंत नुसत्याच मुंग्या उरल्या. आवाज मात्र खणखणीत. दुसरी लावली, तीही तशीच. लॅपटॉपला कॅप्चरची स्वस्तातली यूएसबी काडी जोडली तर मधेमधे निळी स्क्रीन येते. कॅसेटी गेल्या का? घरीच करू की दुकानात देऊ?

रिवाइंडमास्तर:
ताई, आधी तो व्हीसीआर बंद करा, आणि आता तिसरी कॅसेट घालू नका.

आवाज नीट आणि चित्रात मुंग्या, म्हणजे बहुतेक वेळा व्हिडिओ हेड चोकअप. साधा आवाज टेपच्या कडेला असतो, तो वाचणारं हेड एका जागी बसवलेलं असतं. चित्र वाचणारी हेडं फिरत्या ड्रमवर असतात, मिनिटाला 1500 फेरे. तिथे कणभर घाण बसली की चित्र गेलं. दुसरी कॅसेटही लगेच तशीच दिसली म्हणजे कॅसेट गेली नसावी, मशीन घाण झालंय. आता खरं सांगा, लग्नाच्या कॅसेटच्या खिडकीतून आत बघितलं होतंत का? टेपच्या गुंडाळीवर पांढरं काही?

सड्यावरची:
आत्ता टॉर्च मारून पाहिलं. कडेने पिठासारखी पांढरी भुकटी. मला वाटलं माळ्यावरची धूळ.

रिवाइंडमास्तर:
बुरशी. कोकणातला पावसाळा आणि माळा, दुसरं काय होणार. चालवली की ती हेडवर बसते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटीलाही लागते. कोल्हापुरात लग्नाचं शूटिंग करायचो तेव्हा एका गिऱ्हाइकाच्या कॅसेटीने माझं मशीन असंच बंद पाडलं होतं.

साफ करताना: प्लग काढा, वरचं झाकण उघडा. चकचकीत तिरका ड्रम दिसेल. धागे न सुटणाऱ्या कापडाची घडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये (99 टक्के) भिजवून ड्रमला हलकेच टेकवून धरा, आणि दुसऱ्या हाताने वरून ड्रम सावकाश फिरवा. हात स्थिर, ड्रम फिरता. खालीवर घासलंत तर हेडचा टवका उडेल. कानात घालायच्या कापसाच्या काड्या ड्रमला अजिबात नकोत, धागा अडकतो. बाकीच्या लोखंडी खांबांना चालतील. सगळं वाळू द्या, अर्ध्या तासाने भंगारातली एखादी कॅसेट लावून बघा.

पापडवाला:
बुरशीच्या कॅसेटी दोन दिवस उन्हात टाका. आजी पापड वाळवायची तशा. बुरशी मरते.

रिवाइंडमास्तर:
भाऊ, पापड वाकला तरी तळता येतो. टेप वाकली की संपलं. उन्हात नको. सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद डब्यात कोरडी होऊ द्या, इतर कॅसेटींपासून लांब. नंतर मास्क लावून, घराबाहेर बुरशी काढा. आणि ती चालवायला वेगळं, गेलं तरी चालेल असं मशीन बघा.

टीबीसीप्रेमी:
निळ्या स्क्रीनबद्दल. व्हीएचएसचा सिग्नल मुळातच डळमळीत. जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही तो सांभाळून घ्यायचा, यूएसबी काडीला ते जमत नाही. सिंक (चित्राच्या ओळींचा ताल) तुटलं की निळं. हेड साफ झाल्यावरही येत राहिलं तर मधे टाइम बेस करेक्टर (टीबीसी, डळमळीत सिग्नल स्थिर करणारं यंत्र) लागेल. खरा टीबीसी महाग आहे. गरिबाचा टीबीसी म्हणजे पॅनासॉनिकचा जुना डीव्हीडी रेकॉर्डर, डीएमआर-ईएस10 किंवा ईएस15. रेकॉर्ड करायचं नाही, फक्त व्हीसीआर त्यातून फिरवून पुढे काडीला द्यायचा. चित्राचा वरचा भाग वाकडा दिसत असेल तर तोही सरळ होतो.

सेटिंग: पाल (भारतातली टीव्ही पद्धत), 720 बाय 576, 25 फ्रेम, इंटरलेस्ड (एकाआड एक ओळींचं चित्र) तसंच ठेवा. कॅप्चर हफवाययूव्हीसारख्या लॉसलेसमध्ये (दर्जा न घटवणाऱ्या फॉरमॅटमध्ये), एमपी4 नंतर त्यावरून बनवा. तासाला तीसेक जीबी जातात, हार्ड डिस्क तयार ठेवा. चित्राच्या अगदी तळाशी बारीक थरथरती पट्टी दिसेल, तो दोष नाही, टीव्हीच्या चौकटीमागे ती लपायची.

एडिसनकर:
मधेच घुसतो. माझ्याकडे उलटी गंमत, इथे न्यू जर्सीत आईने पुण्याहून आणलेल्या पाल कॅसेटी आणि मशीन एनटीएससी (अमेरिकेतली पद्धत). चित्र नुसतं गरागरा फिरतं. सड्यावरची, तुमच्यातली एखादी नातेवाइकांनी अमेरिकेतून पाठवलेली असेल तर मल्टिसिस्टिम (दोन्ही पद्धती चालवणारा) व्हीसीआर लागेल.

रिवाइंडमास्तर:
आणि कॅसेटच्या पाठीवरची छोटी प्लास्टिक टॅब शाबूत असेल तर आधी तोडा. चुकून रेकॉर्डचं बटण दाबलंत तर लग्न पुसलं जाईल. दुकानात देणारच असाल तर फक्त बुरशीवाल्या द्या, आणि मशीन दर कॅसेटीनंतर साफ करतो का ते विचारून घ्या. "हो हो, होतं सगळं" असं उत्तर आलं तर पिशवी उचलून घरी या.

सड्यावरची:
अपडेट. मामाच्या देखरेखीखाली ड्रम साफ केला, कापडावर चक्क काळपट रेघ आली. बारशाची कॅसेट आता स्वच्छ दिसते, ट्रॅकिंगचं (हेड टेपवर नीट जुळवण्याचं) बटण थोडं फिरवावं लागलं. निळी स्क्रीन पूर्ण तासात दोनदाच. लग्नाची डब्यात बंद आहे, सिलिका जेल आणलं. बारसं अर्ध्या तासात संपतं आणि पुढे कुठलीशी क्रिकेट मॅच आहे. ते कापू म्हटलं तर बाबा म्हणाले, हात लावू नकोस.