सौर रेडिओ उद्रेक : नोंद एकच, मग उंची दोन का येतात?

त्र्यंबकरोडकर

नमस्कार. मी नाशिकमध्ये भौतिकशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी मी सूर्याच्या रेडिओ लहरी वारंवारतेनुसार टिपणाऱ्या कॅलिस्टो वर्णपटमापकाची एक नोंद घेतली असून, तिच्यातील तिसऱ्या प्रकारचा (म्हणजे ज्याची वारंवारता झपाट्याने उतरते असा) उद्रेक 80 मेगाहर्ट्झपासून 40 मेगाहर्ट्झपर्यंत सुमारे 3 सेकंदांत उतरला आहे. प्लाझ्मा वारंवारतेच्या, म्हणजे प्लाझ्मातील (विद्युतभारित वायूतील) इलेक्ट्रॉन ज्या वारंवारतेने आंदोलतात तिच्या, सूत्रावरून 80 मेगाहर्ट्झला इलेक्ट्रॉनांची घनता दर घन सेंटीमीटरला जवळजवळ 8 कोटी येते. मात्र माझ्या मार्गदर्शकांच्या मते ती 2 कोटीही असू शकते आणि तसे धरल्यास लहरी सूर्यावर जिथून निघाल्या तिथली उंचीही बदलते. दोन्ही उत्तरे बरोबर कशी असतील?

जुना रेडिओवाला

दोन्ही बरोबर नसतात. त्यांतले खरे कोणते, हे केवळ या नोंदीवरून ठरत नाही. उद्रेकाच्या वेळी सुटलेला वेगवान इलेक्ट्रॉनांचा झोत प्रभामंडलातून (सूर्याच्या बाहेरच्या वातावरणातून) वर जाताना वाटेतल्या प्लाझ्मात आंदोलने उठवतो आणि त्यांतून रेडिओ लहरी निर्माण होतात, त्या एक तर तिथल्या प्लाझ्मा वारंवारतेच्या आसपास किंवा तिच्या दुपटीला. घनतेचे वर्गमूळ काढून त्याला 9 ने गुणले की ही वारंवारता किलोहर्ट्झमध्ये मिळते. म्हणून आपले 80 मेगाहर्ट्झ हे मूळ उत्सर्जन असेल तर घनता 8 कोटी. दुप्पट वारंवारतेचे असेल तर मूळ वारंवारता 40 मेगाहर्ट्झ, म्हणजे घनता थेट चौथा हिस्सा.

इथवर सूर्याने सांगितलेले आहे. उंची मात्र आपण ठरवतो. गोदावरीच्या रामकुंडावर पुराचे पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागले, हे कोणालाही दिसते. पण त्यावरून किती क्युसेक पाणी वाहते आहे हे सांगायचे तर पात्राचा आकार आणि उतार ठाऊक असावा लागतो. इथे पात्राच्या जागी घनतेचे प्रारूप, म्हणजे उंचीनुसार घनता कशी घटते याचे सूत्र, असते. न्यूकर्क यांचे 1961 चे प्रारूप घेतले तर मूळ उत्सर्जन धरून 80 मेगाहर्ट्झची जागा सूर्यकेंद्रापासून 1.32 सौर त्रिज्यांवर येते आणि दुप्पट धरल्यास 1.62 वर. पहिल्या हिशेबात झोताचा वेग सेकंदाला सुमारे 70 हजार किलोमीटर, तर दुसऱ्यात 1 लाख 9 हजार. प्रकाशाच्या वेगाच्या पाव ते तृतीयांश हे या प्रकाराला शोभणारेच आकडे आहेत, त्यामुळे वेग पाहूनही निवाडा होत नाही.

खोडदचा प्रवासी

वरील उत्तरात एक भर. सूर्याच्या सक्रिय (तीव्र चुंबकीय क्षेत्राच्या) भागावरील घनता न्यूकर्क यांच्या आकड्यापेक्षा दुप्पट किंवा त्याहूनही जास्त असू शकते, म्हणून प्रारूपाला कोणता गुणक लावला हे प्रकल्पात अवश्य लिहावे. निवाड्याचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे ध्रुवीकरण (लहरींचे विद्युतक्षेत्र कोणत्या दिशेने आंदोलते ते) : मूळ उत्सर्जनाचे वर्तुळाकार ध्रुवीकरण सहसा दुप्पट वारंवारतेच्या उत्सर्जनाहून अधिक असते. दुसरा, त्याच क्षणाची प्रतिमा. कर्नाटकातील गौरीबिदनूर येथील रेडिओहेलिओग्राफ अशा वारंवारतांवर सूर्याचे चित्र घेतो. पण प्रतिमेतही लहरी प्रभामंडलात विखुरल्यामुळे स्रोत खऱ्या जागेहून वर भासू शकतो. आपल्या नाशिक–पुणे रस्त्यावरच्या नारायणगावपासून जवळच असलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटरच्या 30 तबकड्या इथे उपयोगी पडणार नाहीत, कारण ती दुर्बीण 80 मेगाहर्ट्झपर्यंत खाली येत नाही.

त्र्यंबकरोडकर

मनःपूर्वक आभार. माझ्या नोंदीत ध्रुवीकरण नाही. तिच्यातील ठिपके पाव सेकंदाच्या अंतराने असल्यामुळे 3 सेकंदांतही थोडी चूक संभवते. म्हणून आता घनता, उंची आणि वेग हे दोन्ही गृहीतकांनुसार शेजारी शेजारी दोन रकान्यांत मांडून, उंची व वेगाच्या आकड्यांपुढे प्रारूपाचे नाव व गुणक लिहितो.