जाहिरातीतला स्केटबोर्ड चुकीचा दाखवला, तर खरंच काही बिघडतं का?

चारचाकी_डेक (धागाकर्ता)

शीतपेय असो, बँक असो की कपडे, तरुणाई दाखवायची म्हटली की जाहिरातीत स्केटबोर्ड येतोच. माझं मत स्पष्ट आहे: ज्याला बोर्ड दाखवायचा आहे त्याने सेटवर एक जाणकार स्केटर ठेवायलाच हवा.

नेहमीच्या चुका पाहा. मॉडेल पुढच्या पायाने पुश करतो आणि मागचा पाय बोर्डवर ठेवतो. याला मोंगो म्हणतात. यात सगळं वजन मागे जातं, बोर्डचं तोंड डगमगतं आणि पुश संपल्यावर दोन्ही पाय नव्याने जागेवर आणावे लागतात. बरोबर पद्धतीत पुढचा पाय पुढची चाकं जोडणाऱ्या बोल्टांवर बोटं पुढे करून असतो आणि मागचा पाय जमीन ढकलतो.

दुसरी चूक धोक्याची आहे. ट्रक, म्हणजे फळीखाली चाकं धरणारे धातूचे आस, उलटे बसवलेले असतात. दोन्ही ट्रकचे किंगपिन (मधले जाड बोल्ट) बोर्डच्या मध्याकडे हवेत. ते बाहेरच्या टोकांकडे गेले की डावीकडे झुकल्यावर बोर्ड उजवीकडे वळतो. नवखा माणूस पहिल्याच वळणावर आपटतो.

शिवाय जाड टाचेचे धावण्याचे बूट! त्यांतून पायाला बोर्ड जाणवत नाही आणि ऑलीत, म्हणजे हात न लावता बोर्डसकट उडी मारताना, पाय ग्रिप टेपवर (बोर्डवरच्या खरखरीत पट्टीवर) घासत नेता येत नाही.

रेलिंग_आणि_रस्ता

ठाम असहमत. तीस सेकंदांची जाहिरात म्हणजे शिकवणी वर्ग नव्हे. मोंगोने कोणी जायबंदी होत नाही, नंतर मोडायला कठीण जाणारी सवय लागते इतकंच. बोर्ड हातात ट्रकला धरून पायी चाललेल्या माणसाला नवखा म्हणून हसणं ही तर निव्वळ टोळीची भाषा आहे. अशा हसण्यामुळे नवी मुलं, विशेषतः मुली, स्केटपार्कच्या कठड्यावरच बसून राहतात.

खरं नुकसान खेळण्यांच्या दुकानात होतं. खोक्यावर उंच उडी मारणाऱ्याचं चित्र आणि आत प्लास्टिकचे ट्रक, टणक प्लास्टिकची चाकं. असं चाक बारीक खड्याला अडून जागीच थांबतं आणि पोरगं पुढे फेकलं जातं. पालकांनी एवढं बघावं: डेक (उभं राहायची फळी) कडेने पाहिला की मेपलचे सात थर मोजता यावेत, रुंदी साधारण पावणेआठ ते सव्वाआठ इंच, ट्रक धातूचे, चाकं रबरासारख्या युरेथेनची आणि प्रत्येक चाकात दोन बेअरिंग. चाक बोटाने फिरवलं तर ते काही सेकंद विनाअडथळा फिरायला हवं. खोक्यावरचं चित्र पाहून मुलगा हट्ट धरेल, पण लेखी माहितीत ट्रक कशाचे हे नसेल तर तो बोर्ड घेऊ नका.

फिशआय_लेन्स

धागाकर्त्याशी सहमत, पण वेगळ्या कारणाने. जाहिरातीचं खोटं कापाकापीत असतं. एका चौकटीत पाय, दुसऱ्यात चेहरा, तिसऱ्यात हवेतला बोर्ड, आणि जमिनीवर उतरणं कुठेच नाही. स्केटिंगच्या व्हिडिओत मात्र वेग घेण्यापासून जमिनीवर उतरून पुढे जाण्यापर्यंत एकही कट चालत नाही, कारण तोच पुरावा असतो. सोनी व्हीएक्स१००० कॅमेरा आणि फिशआय लेन्स (खूप रुंद, गोलाकार दृश्य दाखवणारी) या जोडीने १९९० च्या दशकात ही शैली घडवली. चित्रण करणाराही बोर्डवरच असतो, त्याची चाकं मऊ आणि मोठी, म्हणजे खडबडीत रस्त्यावर कॅमेरा हादरत नाही. जाहिरातवाल्यांनी गोलाकार चौकट उचलली आणि सलगपणा टाकून दिला.

जाणकार ठेवायला पैसे लागतात ही जाहिरातवाल्यांची सबब मला पटत नाही. ‘बॅक टू द फ्यूचर’ हा हॉलिवूडचा चित्रपट १९८५ चा. त्यात नायकाच्या स्केटिंगसाठी पेर वेलिंडर हा कसलेला स्केटर घेतला, म्हणून आजही ते दृश्य पाहताना अंगातली लय खरी वाटते.

रेलिंग_आणि_रस्ता

पण बिनचूक दाखवूनही काही होत नाही, हे १९९० च्या दशकातल्या नायकेच्या जाहिरातींनी दाखवलं. गोल्फ, टेनिस खेळणाऱ्यांना आणि धावपटूंना पोलिस हाकलतात, आणि प्रश्न असा की स्केटरना जी वागणूक मिळते ती सगळ्या खेळाडूंना मिळाली तर? मांडणी अचूक होती, बाहेरच्या प्रेक्षकालाही स्केटरांची तक्रार समजली. तरीही स्केटर त्या बुटांकडे वळले नाहीत. कंपनीला जागा मिळाली ती २००२ पासून, नायके एसबी हे स्केटबोर्डिंगचे बूट छोट्या स्केट दुकानांतून विकायला लागल्यावर आणि स्केटरांची टीम उभी केल्यावर. चित्र खरं असण्यापेक्षा पैसा कुठे जातो ते पाहा.

काँक्रीट_आधी

याच मुद्द्यावर. नेटफ्लिक्सवरचा ‘स्केटर गर्ल’ हा चित्रपट २०२१ मध्ये आला. त्यातल्या अभिनयावर वाद घाला, पण चित्रीकरणासाठी राजस्थानात उदयपूरजवळच्या खेमपूर गावात काँक्रीटचा डेझर्ट डॉल्फिन स्केटपार्क बांधला गेला आणि तो नंतर मुलांसाठी राहिला. याआधी २०१५ मध्ये मध्य प्रदेशातल्या पन्ना जिल्ह्यात जानवार गावी स्केटपार्क झाला. तिथले नियम म्हणजे शाळा नाही तर स्केटबोर्ड नाही, आणि मुली आधी. अशी गोष्ट दाखवायला मिळाली तर पुश कोणत्या पायाने केलाय याला मी महत्त्व देणार नाही.

चारचाकी_डेक

मी देणार, कारण अचूकपणा म्हणजे पडणंही दाखवणं. टोकियो ऑलिंपिकमध्ये, २०२१ च्या उन्हाळ्यात, महिलांच्या स्ट्रीट (पायऱ्या, कठडे अशा रस्त्यासारख्या अडथळ्यांवरच्या) प्रकारात प्रत्येकीला ४५ सेकंदांच्या दोन फेऱ्या आणि पाच स्वतंत्र ट्रिक होत्या, सातपैकी सर्वोत्तम चार गुण धरले जात. ट्रिक चुकली की शून्य. जगातल्या सर्वोत्तम मुली वारंवार पडताना लोकांनी थेट पाहिल्या, आणि त्यातूनच तेरा वर्षांची मोमिजी निशिया सुवर्णपदकापर्यंत गेली. जाहिरातीत कोणी पडतच नाही. मग ऑली तीन दिवसांत जमली नाही की मुलाला वाटतं आपल्यातच खोट आहे. खरं तर मागच्या पायाचा टेलवरचा (बोर्डच्या मागच्या टोकावरचा) फटका आणि पुढचा पाय नोजकडे (पुढच्या टोकाकडे) घासत नेणं यांचा मेळ बसायला बहुतेकांना कित्येक आठवडे लागतात.

रेलिंग_आणि_रस्ता

पडण्याचा मुद्दा मान्य. जाणकार नेमून मात्र तो सुटणार नाही, कारण पडणं कापायचं की ठेवायचं हे ग्राहक कंपनी ठरवते. त्यापेक्षा अट अशी घाला: शूटिंगसाठी केलेला रॅम्प तोडून भंगारात टाकायचा नाही, जवळच्या शाळेला द्यायचा. चार फुटी क्वार्टर पाइपला (आत वळत उंच जाणाऱ्या रॅम्पला) सात-आठ फुटांची वळणाची त्रिज्या, वर दोन इंची लोखंडी पाइपची कड आणि खाली जमिनीला जोडणारी पत्र्याची पट्टी, इतकं साधं काम असतं.

काँक्रीट_आधी

कोकण-मुंबईत तो प्लायवुडचा रॅम्प एका पावसाळ्यात फुगेल. थर सुटतात, स्क्रूची डोकी वर येतात आणि त्यांवर चाक अडकून हात मोडतात. ताडपत्री टाकली तर खाली दमट हवा कोंडून लाकूड आणखी लवकर कुजतं. जाहिरातीच्या पैशातून द्यायचंच असेल तर शाळेच्या अंगणात घोटीव काँक्रीटचा सपाट कोबा आणि एक फूट उंचीचा लांब कट्टा द्या, कट्ट्याच्या कडेला लोखंडी अँगल काँक्रीट ओतण्यापूर्वीच बसवून. अँगल नंतर स्क्रूने लावला तर घासाघाशीत सुटतो.