सरसकट प्रोजेस्टेरॉन कशाला?

दिवस राहिले की लगेच प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या सुरू कराव्यात, आपल्याकडच्या रस्त्यांवर एसटीच्या धक्क्यांनीसुद्धा गर्भ पडतो, असं कोणीतरी लिहिलंय, त्याला हे उत्तर. प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक (हार्मोन) नसेल तर गर्भ टिकत नाही, इतकं खरं. पण बहुतेकींच्या शरीरात ते पुरेसं तयार होतं: पहिले सात-आठ आठवडे बीजकोषातून, मग हळूहळू ते काम वार (प्लॅसेंटा) हाती घेते. सुरुवातीचे निम्म्याच्या आसपास गर्भपात गुणसूत्रांतल्या दोषामुळे होतात. तिथे गोळी काही करू शकत नाही, आणि एसटीचा तर दोषच नाही. आमच्या देवगडात ‘रत्नागिरीला गेलीस म्हणून झालं’ हे ऐकून मनात कुढणाऱ्या बायका मी पाहिल्यात, म्हणून हे लिहितेय.

मग ते द्यायचं कोणाला? २०१९ साली ब्रिटनमधल्या ‘प्रिझम’ चाचणीत सुरुवातीला रक्तस्राव झालेल्या ४,१५३ बायका होत्या. सगळ्यांचा मिळून ठळक फरक दिसला नाही. पण आधी तीन किंवा जास्त गर्भपात झालेल्यांमध्ये प्रोजेस्टेरॉन घेणाऱ्या ७२ टक्के बायकांना मूल झालं, न घेणाऱ्या ५७ टक्क्यांना. हा फरक लहान नाही. माझ्या भावजयीला आधीचे गर्भपात आणि पुन्हा डाग, म्हणून डॉक्टरांनी योनीमार्गे ठेवायच्या कॅप्सूल दिल्या. तोंडाने घ्यायच्या गोळीने तिला इतकी गुंगी यायची की चुलीपुढे बसल्या बसल्या डोळा लागायचा. असं होत असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा, गोळी मनाने बंद करू नका.