सातवी: काही अडखळतात, काही घडाघडा वाचतात पण समजत नाही

प्रश्न
मराठी माध्यम, पट 38, तासिका 35 मिनिटांची. दहा-बारा जण जोडाक्षर आलं की थांबतात. सात-आठ जण न अडखळता वाचतात, पण "काय वाचलंस?" म्हटलं की गप्प. दोघांना एकच उपाय चालेल का?

उत्तरं (उत्तर देणाऱ्यांच्या टोपणनावांसह)

खडूफळा
नाही चालणार. आधी चौथीच्या पातळीचा, 60-70 शब्दांचा अनोळखी उतारा एकेकाकडून वाचून घ्या. झेरॉक्स हातात ठेवा आणि चुकलेल्या शब्दावर मूल जे बोललं तेच लिहा. चुका बहुधा रफार, 'ऱ्य' आणि द्ध-द्व-द्य यांत निघतात. मग 'दर्या-दऱ्या', 'आचार्यांना-आचाऱ्यांना' अशा जोड्या अर्थासकट फळ्यावर. तक्ते घोकून घेऊ नका. तक्ता पाठ होतो, शब्दात तेच अक्षर ओळखू येत नाही. शिवाय सातवीतल्या पोराला लाज वाटते ती वेगळीच.

सामान्यरूप
घडाघडावाल्यांचं दुखणं वेगळं. 'देऊळ' माहीत असतं, 'देवळापाशी' वाचताना ते देऊळच आहे हे लक्षात येत नाही. पाऊस-पावसाने, मूल-मुलांना असे पाच शब्द रोज उताऱ्यातूनच सुटे करून घ्या. 'त्याने', 'तिथे' म्हणजे कोण, कुठे, हे बाण काढून दाखवायला लावा. आणि प्रश्न असा हवा की ओळ उतरवून उत्तर मिळणार नाही. "देवळापाशी पोहोचेपर्यंत त्याच्या छत्रीची काडी मोडली होती." बाहेर काय चाललं होतं? कशावरून? धडा आधी समजावून सांगितलात तर मुलं वाचतच नाहीत, तुमचं बोलणं आठवून उत्तर देतात.

दुपारची शाळा
ओळीने एकेकाला उभं करून वाचून घेणं बंद करा. 35 मिनिटांत 38 मुलं, म्हणजे वाट्याला मिनिटसुद्धा नाही. जोडीने वाचलं तर आठ मिनिटांत प्रत्येकाला चार मिळतात. एकच उतारा तीन दिवस. तिसऱ्या दिवशी पाठ झालेला असतो, म्हणून शेवटच्या ओळीपासून उलट क्रमाने एकेक शब्द विचारा.

प्रश्नकर्ता
जोड्या हुशार-कच्चा अशाच ना?

दुपारची शाळा
नको. हुशार कंटाळतो आणि पुढचा शब्द तोच सांगून मोकळा होतो. वाचन किती चांगलं, त्या क्रमाने यादी लावा. पहिला विसाव्याबरोबर, दुसरा एकविसाव्याबरोबर, असं एकोणिसावा अडतिसाव्याबरोबर. जोडीदार अडला तर मनात तीन आकडे मोजायचे, मगच शब्द सांगायचा, आणि ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून.